गावच्या घरातून ऑफिसचं काम: मोबाइल इंटरनेटची घडी कशी बसवावी

कोकणातल्या एखाद्या वाडीत राहून पुण्या-मुंबईच्या, अगदी परदेशातल्या ऑफिसचंही काम करता येतं. दारापर्यंत फायबर आलेली नसली तरी नुसत्या मोबाइल इंटरनेटवर करता येतं. पण बरेच जण सुरुवातच खरेदीपासून करतात. आधी महागडा राउटर येतो, मग मोठा रिचार्ज होतो, आणि पहिल्याच मीटिंगला समोरचा म्हणतो, "तुमचा आवाज तुटतोय." माझं सांगणं एवढंच आहे: आधी मोजा, मग घरातली जागा ठरवा, मग कंपनी निवडा, आणि पैसे सर्वांत शेवटी खर्च करा. या क्रमाने गेलात तर बऱ्याच घरांत महागडं काही विकत घ्यावंच लागत नाही.

पुढचं सगळं मी चिऱ्याच्या भिंती, वर कौलं किंवा पत्रा, आणि टॉवर दोन-तीन किलोमीटरवर डोंगराच्या कुशीत, अशा घराला धरून सांगतो आहे. मराठवाड्यात, विदर्भात किंवा घाटमाथ्यावर भूगोल वेगळा असला तरी मोजणी तीच आहे.

त्याआधी एक चौकशी जरूर करा. बीएसएनएलची फायबर किंवा स्थानिक केबलवाल्याची लाइन गावात आली आहे का, ते ग्रामपंचायतीत आणि शेजारच्या बाजारपेठेत विचारा. भारतनेट या सरकारी योजनेमुळे बऱ्याच ग्रामपंचायतींपर्यंत तार पोचलेली आहे. घरापर्यंत लाइन मिळत असेल तर ती मुख्य ठेवा आणि मोबाइल राखीव ठेवा. शहराजवळ असाल तर जिओ आणि एअरटेलचं ५जीवर चालणारं एअरफायबर २०२३ पासून आलं आहे, तेही विचारून पाहा. यातलं काहीच नसेल तर पुढे वाचा.

काम नेमकं काय मागतं

ईमेल, चॅट, एक्सेलच्या फाइली, ऑनलाइन सॉफ्टवेअर यांना फारसा वेग लागत नाही. खरी परीक्षा व्हिडिओ मीटिंगची. तिला साधारण १ एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद, इंटरनेटच्या वेगाचं माप) येण्यासाठी आणि १ एमबीपीएस जाण्यासाठी लागतो, पण तो सलग हवा. नुसत्या आवाजाला १०० केबीपीएससुद्धा पुरतात. म्हणजे ५ एमबीपीएस डाउनलोड आणि २ एमबीपीएस अपलोड अखंड मिळत असेल तर तुमचं काम चालतं. स्पीड टेस्टवर मधूनच दिसणाऱ्या ८० किंवा १०० या आकड्याला कामाच्या दृष्टीने फारसा अर्थ नाही.

तीन गोष्टी बघायच्या. पहिली अपलोड. दुसरी पिंग, म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ. तो १०० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बोलणं सहज होतं. दीडशे-दोनशेच्या पुढे गेला की दोघं एकाच वेळी बोलू लागतात. तिसरी गळती, म्हणजे वाटेत हरवणारी पॅकेट्स (डेटाचे छोटे तुकडे). शंभरात दोनपेक्षा जास्त हरवायला लागली की आवाजाला भोकं पडतात.

या तिन्हींत अपलोडवर माझा सगळ्यात जास्त भर आहे, त्यालाही कारण आहे. टॉवर वीस-चाळीस वॅट शक्तीने बोलतो. तुमच्या फोनला जास्तीत जास्त ०.२ वॅटची मुभा असते. त्यामुळे रेंजच्या कडेला असलेल्या घरात टॉवरचं तुम्हाला स्पष्ट ऐकू येतं, पण तुमचं टॉवरपर्यंत पोचत नाही. मीटिंगमध्ये तुम्हाला सगळे व्यवस्थित ऐकू येतात आणि त्यांना तुमचा आवाज येत नाही, त्याचं मूळ इथे आहे. अशा वेळी माइक किंवा हेडफोन बदलून काही होत नाही.

पहिली पायरी: घर मोजा

फोनवरच्या दांड्यांवर विसंबू नका. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या, हे प्रत्येक फोन कंपनी आपापलं ठरवते. खरा आकडा डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं माप) असतो. अँड्रॉइड फोनवर *#*#४६३६#*#* डायल केल्यावर फोनची माहिती उघडते, तिथे तो दिसतो. काही फोनमध्ये हा कोड बंद असतो. त्यांच्यासाठी नेटमॉन्स्टर हे मोफत अ‍ॅप चांगलं आहे. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल करून कॉलचं बटण दाबा.

दोन आकडे शोधा. आरएसआरपी म्हणजे सिग्नलची ताकद. तो नेहमी उण्यात असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ८५ किंवा त्याहून बरा असेल तर निश्चिंत राहा. उणे ८५ ते १०० मध्ये काम होतं. उणे १०० ते ११० मध्ये व्हिडिओ अडखळतो. उणे ११५ च्या पलीकडे मीटिंगची आशा धरू नका. दर १० डेसिबलला ताकद दहापट बदलते, म्हणून "उणे ९५ चं उणे १०५ झालं" हे ऐकायला किरकोळ वाटलं तरी नऊ-दशांश सिग्नल गेलेला असतो.

दुसरा आकडा एसआयएनआर, म्हणजे सिग्नल आणि गोंगाट यांचं प्रमाण. २० च्या वर उत्तम, १० ते २० चांगला, ० ते १० चालवून घेण्यासारखा, शून्याखाली वाईट. ताकद भरपूर आणि एसआयएनआर शून्याखाली असं कधीकधी उंच माडीवर दिसतं. तिथे चार टॉवर एकदम दिसतात आणि एकमेकांत मिसळतात. तसं असेल तर एक मजला खाली उतरून, एकाच टॉवरच्या दिशेची खिडकी धरून पुन्हा मोजा. म्हणूनच "जितकं उंच तितकं चांगलं" हे दरवेळी खरं ठरत नाही.

आता वही घ्या. ओटी, माजघर, पडवी, माडी, माळा, मागचं परसू, प्रत्येक ठिकाणी एक मिनिट थांबून दोन्ही आकडे लिहा. सोबत कंपनी, बँडचा (म्हणजे लहरींच्या पट्ट्याचा) नंबर आणि टॉवरचा सेल आयडी, म्हणजे ओळख-क्रमांक, लिहा. हेही त्याच अ‍ॅपमध्ये दिसतं. जाड चिऱ्याच्या भिंतीआड आकडा चांगलाच उतरतो. पत्रा तर धातूच, तो सिग्नल जवळजवळ अडवतोच. त्यामुळे पत्र्याच्या घरात छताकडून काही येत नाही, जे येतं ते खिडकी-दारांतून. घरातल्या दोन खोल्यांत १५-२० डेसिबलचा फरक पडणं अगदी नेहमीचं आहे. तुमची कामाची खोली कोणती, याचा निर्णय ही वही करेल.

सगळ्यात चांगल्या दोन जागा निवडून तिथे स्पीड टेस्ट घ्या, पण एका वेळी घेऊन थांबू नका. सकाळी १० ला, दुपारी ३ ला आणि रात्री ९ ला घ्या. रात्री आठ ते अकरा गावातले सगळे फोन व्हिडिओ बघत असतात आणि टॉवरची क्षमता सर्वांत वाटली जाते. अमेरिकेतल्या ऑफिसचं काम असेल तर तुमची मीटिंग नेमकी याच वेळात पडते, म्हणून रात्रीची मोजणी टाळू नका.

शेवटी गळती मोजा. लॅपटॉप हॉटस्पॉटला जोडून विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ८.८.८.८ या गुगलच्या पत्त्यावर पिंगची आज्ञा द्या; शेवटी उणे-टी (-t) जोडलं की थांबवेपर्यंत ती चालू राहते. मॅकवर काही जोडावं लागत नाही. पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा. कंट्रोल-सी दाबल्यावर किती पॅकेट हरवली आणि सरासरी किती वेळ लागला ते खाली लिहून येतं. माझ्या मते स्पीड टेस्टपेक्षा हा आकडा जास्त प्रामाणिक असतो, कारण स्पीड टेस्ट अर्ध्या मिनिटात संपते आणि मीटिंग तासभर चालते.

दुसरी पायरी: टॉवर, बँड आणि कंपनी

दूरसंचार विभागाचं तरंग संचार नावाचं पोर्टल २०१७ पासून आहे. त्यावर आपल्या भागातले टॉवर नकाशावर बघता येतात, कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या तंत्रज्ञानाचा तेही कळतं. शिवाय ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांनाही आपापल्या व्याप्तीचे नकाशे संकेतस्थळावर द्यावे लागतात. नकाशा फक्त दिशा दाखवतो. निकाल तुमच्या खिडकीतला फोनच देणार. शेजारी, पोस्टमन, दुकानदार यांच्याकडे वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असतात. पाच मिनिटं फोन मागून घेऊन तुमच्या खिडकीत मोजा. नवं सिम घेण्याआधी हे करता येतं आणि त्याला काहीच खर्च नाही.

बँडचं थोडं समजून घेतलं तर पुढचे निर्णय सोपे होतात. कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी लांब जातात, डोंगराच्या कडेवरून थोड्या वळतात, भिंतीतून आत शिरतात. पण त्यांची क्षमता मर्यादित असते. जास्त फ्रिक्वेन्सीत वेग भरपूर, पोच कमी. जिओच्या ४जीत ८५० मेगाहर्ट्झ (बँड ५) लांबचा, १८०० (बँड ३) मधला आणि २३०० (बँड ४०) वेगाचा. एअरटेल आणि व्हीकडे (व्होडाफोन आयडिया) लांबच्या पल्ल्याला मुख्यतः ९०० (बँड ८) आहे, मध्ये १८०० आणि २१००. बीएसएनएलच्या नव्या स्वदेशी ४जीत ७०० (बँड २८) आहे, आणि तो खेड्यात खूप कामाचा आहे, मात्र जुन्या फोनमध्ये बँड २८ नसतो. आधी फोन तपासा, मग बीएसएनएलला नावं ठेवा.

आता अपलोडकडे परत. २३०० आणि २५०० च्या बँडांत आणि ३५०० च्या ५जीत येणं आणि जाणं एकाच वाटेवर आळीपाळीने चालतं, आणि वेळेचा मोठा वाटा डाउनलोडला दिलेला असतो. ८५०, ९००, १८०० मध्ये जाण्याची वाट स्वतंत्र असते. त्यामुळे कडेच्या घरात बँड ४० वर ३० एमबीपीएस डाउनलोड आणि ०.४ अपलोड दिसतं, तर बँड ५ वर ८ डाउनलोड आणि ३ अपलोड. कामाला दुसरं हवं. काही फोनमध्ये आणि बहुतेक चांगल्या राउटरमध्ये बँड पक्का करता येतो. तसं करून दोन्ही मोजा.

५जीचंही तसंच. ऑक्टोबर २०२२ मध्ये ५जी आलं आणि आता तालुक्याच्या गावांतही चिन्ह दिसतं. पण घर ५जीच्या कडेला असेल तर फोन सतत ४जी-५जी अशा उड्या मारत राहतो आणि प्रत्येक उडीला मीटिंग क्षणभर गोठते. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये फक्त ४जी ठेवून एक दिवस काम करून बघा. वेग कमी दिसेल, पण मीटिंग सुरळीत जाईल. जिओचं ५जी ७०० मेगाहर्ट्झवरही चालतं, त्यामुळे काही गावांत उलट ५जीच स्थिर निघतं. इथेही वहीतलाच आकडा खरा.

तिसरी पायरी: उपकरण

पहिला आठवडा काहीही विकत न घेता काढा. घरात पडलेला जुना पण ४जीचा चांगला फोन घ्या, त्यात डेटाचं सिम घाला, चांगल्या खिडकीत ठेवा आणि यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडून यूएसबी टेदरिंग (केबलमधून फोनचं इंटरनेट लॅपटॉपला देणं) चालू करा. वायफाय हॉटस्पॉटपेक्षा हे स्थिर असतं आणि फोन चार्जही होत राहतो. बहुतेक अँड्रॉइड फोन मॅकला यूएसबीने थेट जमत नाहीत. तिथे हॉटस्पॉट वापरा आणि तो ५ गिगाहर्ट्झवर ठेवा. फोन दिवसभर चार्जिंगला राहिला की तापतो आणि तापला की स्वतःच वेग कमी करतो. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असेल तर चालू करा, कव्हर काढा, आणि खिडकीत ऊन येणार नाही असं बघा.

कॉलचा फोन आणि इंटरनेटचा फोन वेगळा ठेवा. दोन सिमच्या बहुतेक फोनमध्ये एका सिमवर कॉल आला की दुसऱ्या सिमचा डेटा थांबतो. बँकेचा एक कॉल येतो आणि तुमची मीटिंग पडते. ज्यांचं "मधूनच नेट जातं" त्यांनी आधी हे तपासावं.

घरात दोघं काम करणारे असतील किंवा फोन सारखा तापत असेल तर सिम घालायचा राउटर घ्या. त्यात तीन गोष्टी बघा: तुमच्या घरात चालणारे बँड त्याच्या यादीत आहेत का, बाहेरचा अँटेना लावायला दोन जागा आहेत का, आणि लॅन केबलचं भोक आहे का. कॅटेगरी ४ चा राउटर एका वेळी एकाच बँडवर चालतो, कॅटेगरी ६ चा दोन बँड एकत्र करतो. घरात दोन्ही बँड चांगले येत असतील तरच सहाचे जास्त पैसे द्या.

राउटर कुठे ठेवायचा याचं उत्तर पुन्हा वहीत आहे. चांगली जागा माळ्यावर आणि तुमचं टेबल माजघरात असेल तर राउटर माळ्यावर ठेवा आणि लॅनची केबल खाली आणा. ती १०० मीटरपर्यंत वेग न गमावता जाते. याउलट अँटेना छतावर आणि राउटर खाली ठेवून मधे लांब अँटेना-केबल टाकली तर साध्या पातळ केबलमध्ये दर मीटरला साधारण १ डेसिबल वाया जातो. १० मीटरला १० डेसिबल, म्हणजे अँटेनाने मिळवलेलं सगळं केबलने खाल्लं. अँटेना लावायचाच तर दोन केबलींचा, दिशा धरणारा घ्या, एक-दोन मीटरच्या आत राउटर ठेवा, आणि एकाने वर अँटेना फिरवत दुसऱ्याने खाली एसआयएनआर वाचत दिशा पक्की करा. एप्रिल-मे महिन्यांत माळ्यावर पत्र्याखाली भयंकर उकाडा होतो. बहुतेक राउटर ४० अंशांपर्यंतच चालायला बनवलेले असतात, तेव्हा हवा खेळेल अशी जागा द्या. वळवाच्या विजा सुरू झाल्या की अँटेना आणि प्लग दोन्ही काढून ठेवा.

बाजारात मिळणारे सिग्नल बूस्टर, म्हणजे छतावरून सिग्नल उचलून घरात पुन्हा फेकणारी यंत्रं, घेऊ नका. परवानगीशिवाय ती लावणं आपल्याकडे बेकायदेशीर आहे. त्याहून वाईट म्हणजे ती टॉवरकडे गोंगाट पाठवतात आणि सगळ्या वाडीचं नेटवर्क बिघडतं. राउटरचा अँटेना असं काही करत नाही.

चौथी पायरी: दुसरी वाट आणि वीज

नोकरी करायची तर दुसऱ्या कंपनीचं सिम हवंच. पण कंपनी वेगळी म्हणजे टॉवर वेगळा असं नाही. आपल्याकडे एकाच मनोऱ्यावर दोन-तीन कंपन्यांची यंत्रं असतात. त्या मनोऱ्याची बॅटरी संपली की सगळ्या एकदम जातात. सरकारी निधीतून उभ्या राहिलेल्या काही ४जी टॉवरांवर तर २०२५ पासून एकाच यंत्रावरून वेगवेगळ्या कंपन्यांच्या ग्राहकांना रेंज मिळते. म्हणून दुसरं सिम निवडताना तरंग संचारवर मनोऱ्याची जागा बघा. शक्यतो दुसऱ्या डोंगरावरचा, दुसऱ्या वीजवाहिनीवरचा टॉवर धरा, तो थोडा कमी वेगाचा असला तरी चालेल. मुख्य सिमची क्षमता आणि राखीव सिमची स्वतंत्र वाट, असं हे वाटप आहे.

घरातली वीज हा त्याचाच दुसरा भाग. राउटरला १२ व्होल्टची छोटी यूपीएस मिळते, ती घ्याच. तिच्यावरचा एमएएचचा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. ८८०० एमएएच म्हणजे साधारण ३२ वॅट-तास. राउटर ७ वॅट खात असेल तर घट धरून सुमारे चार तास. लॅपटॉप टाइप-सीवर चार्ज होत असेल तर ६५ वॅट देणारी पॉवर बँक घ्या. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॅट-तासांची होते, प्रत्यक्षात साठच्या आसपास मिळतात. १५ वॅटने चालणाऱ्या लॅपटॉपला आणखी चार तास. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या वाहिनीवर एक प्लग कामाच्या टेबलाजवळ काढून घ्या.

पाचवी पायरी: लॅपटॉपला शिस्त लावा

आधी हिशेब. मीटिंगचा १ एमबीपीएस येणारा आणि १ जाणारा धरला तर तासाला ९०० एमबी होतात. दिवसाला तीन तास मीटिंग म्हणजे २.७ जीबी. रोज २ जीबीचा पॅक दुपारी संपतो, आणि मग जो ६४ केबीपीएस वेग उरतो त्यावर फक्त मजकुराचे निरोप जातात. मोठा पॅक घ्या किंवा व्हिडिओ कमी करा. मी आधी व्हिडिओ कमी करा म्हणेन. स्वतःचा कॅमेरा बंद ठेवला की अपलोडचा बहुतेक भार उतरतो. झूममध्ये एचडी बंद करा, मीट आणि टीम्समध्येही कमी दर्जा निवडता येतो. अमर्याद ५जी असलेला पॅक घेताना त्यातलं ४जी किती आहे ते वाचा, कारण ५जी सुटलं की मोजणी सुरू होते.

विंडोजमध्ये त्या नेटवर्कला मीटर्ड (मोजून वापरायचं) ठरवा, मॅकवर लो डेटा मोड लावा. वनड्राइव्ह, गुगल फोटोज, खेळांचे अपडेट यांना कामाच्या वेळेत थांबवा. मीटिंग चालू असताना मागे फोटो वर चढत असतील तर अपलोडची अरुंद वाट तेच अडवून बसतात. रोजचा पॅक मध्यरात्री नव्याने सुरू होतो, म्हणून झोपण्यापूर्वी उरलेल्या डेटात अपडेट उतरवून घ्या.

मोठ्या फाइलींवर काम असेल तर त्या गावी ओढू नका. ऑफिसमधला संगणक चालू ठेवून रिमोट डेस्कटॉपने त्यावर काम करा. फाइल तिथेच राहते, इकडे फक्त पडद्यातला बदल येतो. अकाउंट्सवाल्यांना आणि डिझाइनवाल्यांना याने मोठा आराम पडतो.

कंपनीचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित वाट) जोडलं जात नसेल तर दोन जागा तपासा. फोनच्या एपीएन (मोबाइल इंटरनेट जोडणीच्या) सेटिंगमध्ये प्रोटोकॉल आयपीव्ही४/आयपीव्ही६ असा दोन्ही ठेवा. व्हीपीएन जोडलं जातं पण पानं उघडत नाहीत, असं असेल तर आयटीवाल्यांना एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १३०० च्या आसपास आणून बघायला सांगा. मोबाइल इंटरनेटवर एक सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून तुमच्या घरच्या संगणकात थेट शिरता येत नाही; घरी सर्व्हर ठेवायचा विचार असेल तर हे आधीच धरून चाला.

सुरक्षेचं थोडक्यात: राउटरचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, वायफाय डब्ल्यूपीए२ किंवा ३ वर ठेवा, पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क काढा. ओटीपीचा नंबर राखीव सिमवर नको, तो रिचार्जअभावी बंद पडू शकतो.

मीटिंगच्या दिवशी

महत्त्वाची मीटिंग असेल तर आवाज आणि पडदा वेगळे करा. झूम, टीम्समध्ये बऱ्याच कंपन्यांनी फोनवरून जोडायचा भारतीय नंबर घेतलेला असतो. आवाज साध्या फोन कॉलने जोडा आणि लॅपटॉपवर फक्त सादरीकरण बघा. व्होल्टे कॉलला, म्हणजे ४जीवरून जाणाऱ्या साध्या फोन कॉलला, नेटवर्क आपोआप अग्रक्रम देतं, गर्दीतून पालखीला वाट करून देतात तशी. इंटरनेटवरचा आवाज मात्र बाकीच्यांच्या रील्सबरोबर रांगेत उभा असतो. नेट अडखळलं तरी तुमचं बोलणं चालू राहतं. कॉलचा फोन वेगळा ठेवला असेल तर हे विनासायास जमतं. असा नंबर नसेल तर एका सहकाऱ्याला आधी सांगून ठेवा की पडलो तर मला साध्या कॉलवर घे. सादरीकरणाची फाइलही आधीच पाठवून ठेवा.

पाऊस, गणपती, वादळ

पावसाने रेंज जाते असं सगळे म्हणतात. फोन आणि टॉवर यांच्यामधल्या लहरींना पाऊस फारसा अडवत नाही. ओल्या दाट झाडीने थोडा फरक पडतो. खरं घडतं ते दुसरंच. वीज जाते, टॉवरची बॅटरी काही तासांनी संपते, जनरेटरला डिझेल पोचत नाही. किंवा टॉवरला पुढच्या टॉवरशी जोडणारी मायक्रोवेव्ह थाळी असते, तिची फ्रिक्वेन्सी खूप वरची असल्याने मुसळधार पावसात तीच क्षीण होते. किंवा रस्त्याच्या कामात केबल तुटते. ओळखायचं कसं? आरएसआरपी नेहमीइतकाच आहे पण वेग शून्य, तर बिघाड टॉवरच्या मागे आहे. अँटेना हलवत बसू नका, दुसऱ्या सिमवर जा. आरएसआरपीच गायब झाला तर बहुधा टॉवरची वीज गेली.

गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी आले की गावातले फोन कैक पटींनी वाढतात आणि टॉवर तेवढाच राहतो. त्या आठवड्यात मोठ्या मीटिंगा सकाळी लवकर घ्या, जड फाइली आधीच उतरवून ठेवा. चक्रीवादळाचा इशारा असेल तर मात्र सरळ ऑफिसला कळवा की संपर्क तुटेल. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वीज आणि नेटवर्क कित्येक गावांत अनेक दिवस नव्हतं. असे दिवस रजेतच धरावेत.

प्रवासात

कोकण रेल्वेने येता-जाता मीटिंग ठेवू नका. बोगद्यांमागून बोगदे आहेत, रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा. गाडीतल्या वेळात ऑफलाइन चालणारं काम करा: लेखन, तपासणी, आधी उतरवलेल्या फाइली. स्टेशनवर रेलटेल या रेल्वेच्या कंपनीचं वायफाय असतं, त्यावर व्हीपीएन लावूनच ऑफिसचं काम उघडा.

बिघाड टिकला तर

चांगली चाललेली रेंज आठवडाभर बिघडली तर नुसतं वैतागून सिम बदलू नका. कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्रात तक्रार नोंदवा आणि तिचा डॉकेट नंबर (तक्रार क्रमांक) घ्या. उत्तराने समाधान झालं नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, त्याला शुल्क नाही. "नेट स्लो आहे" एवढंच लिहिलं तर फोन बंद करून चालू करा असं उत्तर मिळतं. सेल आयडी, बँड, आधीचा आणि आताचा आरएसआरपी व एसआयएनआर, तारीख आणि वेळ लिहिली तर तक्रार थेट तांत्रिक विभागाकडे जाण्याची शक्यता वाढते. वाडीतल्या इतरांनाही आपापल्या नंबरांवरून तक्रार नोंदवायला सांगा, आणि सगळ्यांचे डॉकेट नंबर लिहून ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर एक पत्र त्या कंपनीच्या महाराष्ट्र-गोवा सर्कलच्या कार्यालयाला धाडा.